प्रवेश परीक्षेसाठी गाईड कसे वापरावे

प्रवेश परीक्षेचा अर्ज भरण्याच्याही आधी बहुतेक विद्यार्थ्यांच्या टेबलावर एक जाडजूड गाईड येऊन पडलेले असते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना शिकवताना मला एक सवय लागली आहे. त्यांचे गाईड हातात घेतले की मी आधी पानांची कड पाहतो. सुरुवातीची पन्नास-साठ पाने मळलेली आणि पुढची सारी पांढरीशुभ्र असतील, तर या विद्यार्थ्याने ते कादंबरीसारखे पहिल्या पानापासून वाचायला घेतले होते आणि तिसऱ्या प्रकरणाच्या आसपास त्याचा दम संपला, हे न विचारता कळते. गाईडमधील माहिती पाठ्यपुस्तकातही असते, आणि बहुधा अधिक नीट मांडलेली असते. गाईडजवळ स्वतःचे असे जे काही असते ते म्हणजे प्रश्न, आणि ते छापलेले असतात प्रकरणाच्या शेवटी. म्हणून गाईड मागून पुढे वापरावे, या मताला मी आता पक्का झालो आहे.

विकत घेण्यापूर्वी

परीक्षा घेणाऱ्या संस्थेची त्या वर्षीची माहितीपुस्तिका आणि अभ्यासक्रम आधी मिळवावा, आणि तो समोर ठेवूनच गाईड चाळावे. ही औपचारिकता नाही, कारण परीक्षांचे स्वरूप गाईडच्या आवृत्त्यांपेक्षा वेगाने बदलते. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेत २०२२ ते २०२४ या काळात २०० प्रश्नांपैकी १८० सोडवायचे असत आणि त्यासाठी २०० मिनिटे मिळत. २०२५ मध्ये हा पर्याय काढून टाकला गेला आणि १८० मिनिटांत १८० प्रश्न अशी रचना झाली. अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या जेईई मेनमध्येही प्रत्येक विषयातील दहा संख्यात्मक प्रश्नांपैकी पाच निवडण्याची सोय त्याच वर्षी गेली. अमेरिकेतील महाविद्यालयांसाठीच्या सॅट परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापण्याची पद्धत २०१६ मध्ये बंद झाली, आणि २०२४ पर्यंत ती परीक्षा कागदावरून पूर्णपणे संगणकावर येऊन तिचा वेळ २ तास १४ मिनिटांवर आला. आता ‘कोणते पाच प्रश्न सोडायचे’ हे शिकवणारे जुने गाईड हाती असेल, तर त्यातले ते प्रकरण निरुपयोगीच नव्हे तर घातकही आहे.

याचा अर्थ जुने गाईड रद्दीत टाकावे असा मात्र नाही. मोठ्या भावंडाचे किंवा ग्रंथालयातले पाच वर्षांपूर्वीचे गाईड असेल, तर त्यातील परीक्षेचे स्वरूप, वेळेचे नियोजन आणि गुणपद्धती सांगणारी पाने सरळ पिनने बंद करून टाकावीत आणि प्रश्न खुशाल वापरावेत. उष्मागतिकीचा किंवा आनुवंशिकतेचा चांगला प्रश्न पाच वर्षांत शिळा होत नाही. फक्त नव्या अभ्यासक्रमातून वगळलेल्या घटकांवर पेन्सिलने फुली मारून घ्यावी, कारण २०२४ च्या परीक्षांसाठी नीट आणि जेईई मेन या दोन्हींच्या अभ्यासक्रमांतून बरेच घटक कमी झाले आणि त्याआधीच्या पुस्तकांत ते तसेच आहेत.

गाईड चांगले की सुमार, हे ओळखायला पाच मिनिटे पुरतात. आपल्याला चांगल्या येणाऱ्या प्रकरणातला एखादा अवघड प्रश्न काढावा आणि त्याचे स्पष्टीकरण वाचावे. नुसते सूत्र लिहून खाली उत्तर ठोकून दिले असेल, तर जे प्रकरण येत नाही त्यात हे पुस्तक काडीचीही मदत करणार नाही. बाकीचे तीन पर्याय का चुकीचे, हे जे पुस्तक दोन ओळींत का होईना सांगते, ते घ्यावे. एका विषयाला एकच गाईड पुरे. दुसरे घेण्याची इच्छा बहुधा पहिले अवघड वाटू लागले की होते, आणि ती इच्छा मी अभ्यास टाळण्याच्या सभ्य प्रकारांत धरतो.

सुरुवात परीक्षेने करावी

गाईड घरी आले की पहिल्या मोकळ्या दिवशी, एकही प्रकरण न वाचता, एक पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी. गुण फारच कमी पडतील, आणि ते तसे पडणेच अपेक्षित आहे. नंतर त्या प्रश्नपत्रिकेतील प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करावी: घटकच माहीत नव्हता, घटक माहीत होता पण प्रश्न सुटला नाही, आणि येत असूनही चुकला. पहिल्या प्रकारासाठी गाईड बाजूला ठेवून पाठ्यपुस्तक उघडावे लागते. दुसऱ्या प्रकारासाठी गाईड हे नेमके साधन आहे. तिसऱ्या प्रकाराला दोन्ही पुस्तकांचा उपयोग नसतो, तिथे वेळ आणि लक्ष यांचा सराव लागतो. हे वर्गीकरण केल्याशिवाय अभ्यासाला बसणारा विद्यार्थी तिन्ही रोगांवर एकच औषध घेत राहतो, आणि ते औषध म्हणजे पुन्हा एकदा वाचन.

प्रकरणांचा क्रमही यावरूनच ठरवावा, गाईडच्या अनुक्रमणिकेवरून नव्हे. महाराष्ट्राच्या सीईटीत, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेत, बारावीच्या अभ्यासक्रमावर साधारण ८० टक्के आणि अकरावीच्या अभ्यासक्रमावर २० टक्के भर असतो, आणि गणिताच्या प्रश्नाला दोन गुण तर भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या प्रश्नाला एक गुण असतो. अशा परीक्षेत अकरावीच्या पहिल्या धड्यापासून ओळीने निघालेला विद्यार्थी महत्त्वाच्या भागापर्यंत पोहोचेस्तोवर थकून जातो. गाईडमध्ये छापलेल्या ‘साठ दिवसांत तयारी’सारख्या वेळापत्रकाचेही तेच. त्यातील दिवस दुसऱ्या कुणाचे तरी असतात. आपल्या आठवड्यात खरोखर किती तास मोकळे आहेत ते मोजावे, त्यातून एक चतुर्थांश वजा करावेत, आणि उरलेल्या तासांत किती प्रकरणे बसतात ते पाहावे.

एक प्रकरण, प्रत्यक्ष

प्रकरण उघडल्यावर आधी त्याच्या शेवटचे दहा प्रश्न सोडवावेत, पुस्तकात न लिहिता वहीत. गाईडमध्ये उत्तरावर गोल करण्याचा मोह टाळावा, कारण एकदा गोल केलेला प्रश्न दुसऱ्यांदा प्रश्न राहत नाही. उत्तरे तपासल्यावर समासात पेन्सिलने खूण करावी: खात्रीने बरोबर आले तर टिंब, अंदाजाने बरोबर आले तर प्रश्नचिन्ह, चुकले तर फुली. प्रश्नचिन्हाची गणना फुलीतच करावी. अंदाजाने मिळालेला गुण ही पुढच्या वेळी परत न येणारी गोष्ट आहे, आणि विद्यार्थी सर्वाधिक फसतात ते याच ठिकाणी.

मग प्रकरणातील मजकूर वाचावा, पण केवळ फुल्या आणि प्रश्नचिन्हे ज्या मुद्द्यांवर पडली त्यांच्यापुरता. ही रीत आळशीपणाची वाटेल, पण तिला आधार आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. वाचल्यानंतर लगेच जे ‘येते’ असे वाटते ते किती फसवे असते, हे या दोन आकड्यांत दिसते. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा ओळी रंगवणे आणि पुन्हा वाचणे या पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतराअंतराने विभागणे या दोन पद्धती सर्वांत वर आल्या.

आता एक चूक जवळून पाहू. प्रश्न असा आहे: एक चेंडू २० मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला, गुरुत्वत्वरण १० धरले, तर पहिल्या ३ सेकंदांत त्याने एकूण किती अंतर कापले? पर्याय आहेत १५, २५, ४५ आणि ६० मीटर. विद्यार्थी सूत्रात किमती घालतो: २० गुणिले ३ म्हणजे ६०, त्यातून अर्धा गुणिले १० गुणिले ९ म्हणजे ४५ वजा, उत्तर १५. पर्यायांत १५ आहे, तो खूण करून पुढे जातो. उत्तरसूचीत मात्र २५ असते. कारण १५ मीटर हे विस्थापन झाले. चेंडू २ सेकंदांत २० मीटर वर गेला आणि उरलेल्या एका सेकंदात ५ मीटर खाली आला, म्हणून कापलेले अंतर २५.

इथे स्पष्टीकरण वाचून ‘हो, बरोबर’ असे म्हणत पान उलटणे म्हणजे प्रश्न वाया घालवणे. पर्यायांकडे पुन्हा पाहावे. ६० हे उत्तर गुरुत्वाचा परिणाम विसरणाऱ्यासाठी ठेवले आहे, ४५ हे सुरुवातीचा वेग विसरणाऱ्यासाठी, आणि १५ हे अंतर व विस्थापन यांत गल्लत करणाऱ्यासाठी. चांगल्या प्रश्नात प्रत्येक चुकीचा पर्याय हा एखाद्या ठरावीक चुकीसाठी लावलेला सापळा असतो, आणि आपण कोणत्या सापळ्यात सापडलो हे कळणे हाच त्या प्रश्नाचा मोबदला आहे. म्हणून एक वेगळी वही करावी, जिला माझे विद्यार्थी ‘चुकांची वही’ म्हणतात, आणि तिच्यात चारच गोष्टी लिहाव्यात: गाईडचे पान व प्रश्नक्रमांक, मी काय केले, का केले, आणि पुढच्या वेळी कशावरून ओळखीन. या प्रश्नासाठी चौथी ओळ अशी होईल: ‘अंतर विचारले असेल, तर आधी पाहा की वस्तू मध्येच वळते का.’ संपूर्ण उकल उतरवून काढू नये. ती गाईडमध्ये आहेच. ‘निष्काळजीपणा’ असे एका शब्दाचे कारण लिहिण्यासही माझी सक्त मनाई असते, कारण त्यातून पुढच्या वेळी काय करायचे ते कळत नाही.

उत्तरसूचीच चुकीची असेल तर? असते, आणि जेवढी असावी त्याहून अधिक वेळा असते. एका गाईडमधील छपाईच्या चुकीपायी मी स्वतः विद्यार्थिदशेत अख्खी संध्याकाळ घालवली आहे. वर्तुळाच्या स्पर्शिकेचा प्रश्न होता, चिन्ह उलटे छापले होते, आणि मी माझेच बरोबर उत्तर चार वेळा खोडले. तेव्हापासून दहा मिनिटांचा नियम पाळतो. उत्तर जुळले नाही तर प्रश्न पुन्हा वाचावा, एकके आणि चिन्हे तपासावीत, एकदा नव्याने सोडवावे. दहा मिनिटांत जुळले नाही, तर प्रश्नावर गोल करून पुढे जावे आणि आठवड्याच्या शेवटी असे सर्व प्रश्न एकत्रितपणे शिक्षकांना किंवा जाणत्या मित्राला दाखवावेत.

मिसळून आणि अंतराने

प्रकरणवार प्रश्नसंचांत एक दोष दडलेला असतो, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. ‘द्विपद प्रमेय’ या शीर्षकाखालचे तीस प्रश्न सोडवताना कोणते सूत्र वापरायचे हे शीर्षकानेच सांगून टाकलेले असते. परीक्षेत मात्र प्रश्नाच्या डोक्यावर शीर्षक नसते. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाने एकेका आकृतीचे प्रश्न सलग सोडवले, दुसऱ्याने सरमिसळ. सरावाच्या वेळी सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली आणि सरमिसळ करणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत हेच आकडे अनुक्रमे २० आणि ६३ झाले. सराव चांगला चालला आहे असे वाटणे आणि सराव उपयोगी पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

गाईडमध्ये ही सरमिसळ आपणच घडवून आणावी लागते. तीन प्रकरणे झाली की प्रत्येकाचे सात-आठ प्रश्नक्रमांक चिठ्ठ्यांवर लिहावेत, चिठ्ठ्या कालवाव्यात आणि येतील त्या क्रमाने प्रश्न सोडवावेत. जुन्या प्रकरणाकडे परतण्याचा माझा अंदाजपंचे हिशोब तीन दिवस, दहा दिवस आणि महिना असा आहे. नेमके दिवस महत्त्वाचे नाहीत, विसरायला थोडी सुरुवात झालेली असताना परत येणे महत्त्वाचे. परतल्यावर प्रकरण वाचू नये. समासातील फुल्या आणि प्रश्नचिन्हे तेवढी पुन्हा सोडवावीत. सलग दोन वेळा खात्रीने सुटलेल्या प्रश्नाची फुली खोडून टाकावी. गाईड हळूहळू आपोआप लहान होत जाते.

प्रश्नपत्रिका राखून ठेवणे

मागील वर्षांचे प्रश्न बहुतेक गाईडमध्ये प्रकरणवार वाटून छापलेले असतात, आणि शेवटी त्याच प्रश्नपत्रिका पुन्हा सलग दिलेल्या असतात. प्रकरणे करताना ते सर्व प्रश्न संपवले, तर शेवटच्या महिन्यात सोडवलेल्या सराव परीक्षांत ओळखीचे चेहरे भेटतात आणि गुण फुगतात. त्यामुळे अगदी अलीकडच्या तीन-चार वर्षांचे प्रश्न प्रकरणांत दिसले तरी त्यांना हात लावू नये. अधिकृत सराव चाचण्या उपलब्ध असतील, तर त्याही याच काळासाठी राखाव्यात; नीट आणि जेईई मेन घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर आणि सॅटसाठी कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक या ॲपवर त्या मोफत मिळतात.

पूर्ण सराव परीक्षा प्रत्यक्ष परीक्षेच्या माध्यमात द्यावी. नीट ओएमआर पत्रिकेवर होते, म्हणजे १८० वर्तुळे काळी करण्याचा वेळ त्या १८० मिनिटांतूनच जातो. जेईई मेन आणि सीईटी संगणकावर होतात, तिथे पडद्यावर वाचून कच्चे काम कागदावर करण्याची सवय हवी. दर प्रश्नाला मिळणारा वेळही परीक्षेगणिक फार निराळा आहे. जेईई मेनमध्ये १८० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे प्रत्येकी २ मिनिटे २४ सेकंद. सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रत्येकी ५४ सेकंद. एकाच गाईडवरून दोन्हींची तयारी करणाऱ्याने एकाच प्रश्नाची दोन घड्याळे मनात ठेवावी लागतात.

‘शंका असेल तर प्रश्न सोडा’ हा सल्ला जवळजवळ प्रत्येक गाईडमध्ये असतो, आणि तो हिशोब न करता दिलेला असतो. बरोबर उत्तराला ४ आणि चुकीच्याला उणे १ गुण असेल, तर चार पर्यायांतून डोळे मिटून निवडल्यासही सरासरी पाव गुण पदरात पडतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी सुमारे ०.६७, आणि दोन बाद करता आले तर दीड. सीईटीत चुकीला गुण कापले जात नाहीत, तेथे प्रश्न कोरा सोडण्याला काहीच अर्थ नाही. मात्र ‘खात्रीने बाद’ या शब्दांवर सारे अवलंबून आहे. कित्येकदा विद्यार्थी जो पर्याय सर्वांत आधी बाद करतो तोच बरोबर असतो. म्हणून सराव परीक्षेत दोन पर्यायांतून निवडलेल्या प्रत्येक उत्तरापुढे चिन्ह करावे आणि तीन-चार परीक्षांनंतर त्यातली किती बरोबर आली ते मोजावे. निम्म्याच्या आसपास आली तर बाद करण्याची नजर ठीक आहे. पाचात एक येत असेल, तर त्या विषयात नेमके कोणते पर्याय आपण चुकीने बाद करतो, हे चुकांच्या वहीत शोधावे.

शेवटच्या पंधरा दिवसांत नवे प्रकरण आणि नवे पुस्तक उघडू नये. एक दिवस सराव परीक्षा, परीक्षेची जी वेळ असेल त्याच वेळी, आणि दुसरा दिवस तिच्या विश्लेषणाला; सोडवायला तीन तास लागले असतील तर तपासायलाही तेवढेच लागतात. अखेरचे दोन दिवस चुकांच्या वहीतील चौथी ओळ तेवढी वाचावी, बाकीच्या तीन हाताने झाकून. ज्या ओळीवरून प्रश्न आठवत नाही, तिच्यासमोर गाईडचे पान लिहिलेले आहेच. ते पान उघडावे, तो एक प्रश्न पुन्हा सोडवावा आणि गाईड मिटून ठेवावे.